आडोशामागचा बॉल

१९९५ साली अमेरिकेतल्या रीनो शहरात सँड्स रीजन्सी नावाची नाइन-बॉल पूलची स्पर्धा चालू होती. अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड आणि फिलिपीन्सचा एफ्रेन रेयेस यांची १२-१२ अशी बरोबरी झालेली. पुढचा रॅक, म्हणजे डाव, जिंकेल त्याचा सामना. या खेळात टेबलावर उरलेल्यांपैकी सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला पांढरा बॉल आधी लागावाच लागतो. रेयेसच्या वाट्याला पाच नंबरचा बॉल आला तेव्हा तो इतर बॉलच्या आड होता, सरळ रेषेत दिसतच नव्हता. स्पर्श हुकला असता तर पांढरा बॉल स्ट्रिकलंडच्या हाती गेला असता, हवा तिथे ठेवून मारायला. अशा वेळी पाचला नुसता धक्का लागला तरी पुष्कळ झालं.

रेयेसने पांढरा बॉल एका कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारला. तो टेबल ओलांडून समोरच्या कुशनवर आदळला, तिथून परतताना पाचला लागला, पाच पॉकेटात गेला आणि पांढरा बॉल नेमका सहाच्या जवळ येऊन थांबला. मग उरलेले बॉल पॉट करून त्याने सामना घेतला. हा ‘झेड-शॉट’ मी कितीदा पाहिला असेल, तरी दरवेळी प्रश्न तोच पडतो: हे माणसाला ठरवून जमतं कसं?

कॅरमवर रिबाउंड मारणाऱ्याला वाटेल, त्यात काय, जितक्या कोनात गेला तितक्याच कोनात परत येणार. पण स्ट्रायकर घसरत जातो आणि बॉल गडगडतो, इथेच सगळं बदलतं. पांढऱ्या बॉलच्या बरोबर मध्यावर क्यू, म्हणजे खेळायची काठी, लागला की बॉल आधी कापडावर घसरतो, मग घर्षणाने हळूहळू गडगडू लागतो. पूर्ण गडगडू लागेपर्यंत त्याचा वेग मूळच्या पाच-सप्तमांश उरलेला असतो. मध्यापासून त्रिज्येच्या दोन-पंचमांश वर मारला तर तो पहिल्या क्षणापासून गडगडतच निघतो. मध्याच्या खाली मारला तर उलटी फिरकी, डावी-उजवीकडे मारला तर बाजूची फिरकी. ही सगळी फिरकी बॉल सोबत घेऊन कुशनवर जातो. कुशनची कड बॉलच्या मध्यापेक्षा वर असते, त्यामुळे रबर त्याला धरून वळवतं. बाजूच्या फिरकीने परतीचा कोन रुंद होतो किंवा आवळतो. जोरात मारला तर रबर जास्त दबतं आणि कोन पुन्हा वेगळा. कापड नवं की जुनं, हवा दमट की कोरडी, यानेही फरक पडतो.

या खेळाचं गणित गास्पार-गुस्ताव द कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली एका अख्ख्या पुस्तकात मांडलं. वादळं ज्या परिणामामुळे चक्राकार फिरतात, त्याला ज्याचं नाव आहे तोच हा कोरिओलिस, आणि तो परिणाम सांगणारा त्याचा निबंधही त्याच वर्षीचा! बिलियर्ड्सचं टेबल आणि फिरणारी पृथ्वी एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी होती, हे कळल्यापासून मला या हिरव्या कापडाबद्दल वेगळाच आदर वाटतो.

आता हे सगळं रेयेसच्या हातात ठेवून पाहा. क्यूचं टोक बॉलला चिकटलेलं असतं सेकंदाच्या साधारण एक-सहस्रांश वेळ. दिशा, उंची, बाजू, जोर, चारही गोष्टी तेवढ्यात ठरतात. पुढे काही दुरुस्त करता येत नाही. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच. टेबलाची खेळायची जागा १०० इंच लांब, ५० इंच रुंद.

कोरिओलिसचं पुस्तक रेयेसने वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्याची शाळा वेगळी होती. जन्म १९५४चा, पम्पांगा प्रांतातला. पाच वर्षांचा असताना तो मनिलात काकांकडे राहायला आला. काकांचा पूल हॉल होता, लकी थर्टीन. पोर तिथेच वाढलं, रात्री टेबलावरच झोपायचं. हात पोहोचत नव्हता तेव्हा कोका-कोलाच्या क्रेटवर उभं राहून खेळायचं. पुढे त्याच्याच नावाचा एक वयस्कर खेळाडू असल्याने याला ‘बाता’ म्हणू लागले, म्हणजे पोरगा. ते नाव सत्तरीतही टिकलं आहे.

फिलिपीन्समध्ये तेव्हा खेळला जाई तो रोटेशन. टेबलावर १५ बॉल, आकड्याइतके गुण, ६१ गुण झाले की जिंकलात. इथेही आधी लागायला हवा सर्वांत लहान आकड्याचाच बॉल. नाइन-बॉलमध्ये नऊच बॉल असतात, इथे पंधरा. म्हणजे टेबलावर दाटी, आणि हवा तो बॉल कुणाच्या तरी मागे. रेयेसच्या जादूचं मूळ मला या गर्दीत दिसतं. आडोशामागचा बॉल शोधणं हा त्याच्यासाठी संकटातला उपाय नव्हता, रोजचा खेळ होता. त्यातच तो कॅरम बिलियर्ड्सही खेळे. त्या टेबलाला पॉकेट नसतात. आपला बॉल, बऱ्याचदा कुशनांवरून फिरवून, दुसऱ्या दोन बॉलना लावायचा असतो.

१९८५ साली तो अमेरिकेत ह्यूस्टनला गेला तो ‘सीझर मोरालेस’ या खोट्या नावाने. खऱ्या नावाची कीर्ती आधीच पोहोचली होती, चेहरा पोहोचला नव्हता. पैसे लावून खेळायला समोर कोणीतरी उभं राहायला हवं ना! १९९४ साली यूएस ओपन नाइन-बॉल जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकन ठरला. १९९६ मध्ये हाँगकाँगला पुन्हा स्ट्रिकलंड समोर होता. आधी १२० रॅक जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. तीन दिवसांच्या त्या सामन्यात रेयेस एका टप्प्यावर १७ रॅकने मागे होता आणि शेवटी १२०-११७ ने जिंकला. १९९९ मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचं विश्वविजेतेपद, २००१ मध्ये टोकियोत सातशेहून अधिक खेळाडूंमधून पहिला, २००४ मध्ये फुजैराला एट-बॉलचंही विश्वविजेतेपद. दोन्ही प्रकारांत जगज्जेता झालेला तो पहिलाच. २००६ मध्ये रीनोलाच त्याने पाच लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं, पूलमध्ये तोवर कुणी न पाहिलेली रक्कम. पण स्पर्धा भरवणारी संस्था पैशांच्या अडचणीत सापडली आणि ते पैसे वेळेवर हाती आले नाहीत. व्यावसायिक पूल किती डळमळीत पायावर उभा आहे, ते यावरून कळतं.

त्याच्या मागोमाग फिलिपीन्सचे रॉनी अल्कानो, फ्रान्सिस्को बुस्तामांते, कार्लो बियादो नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. आणि रेयेस स्वतः? २०१९ मध्ये, वयाच्या ६५व्या वर्षी, तो आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत देशासाठी खेळला आणि कांस्यपदक घेऊन आला. प्रकार होता एक-कुशन कॅरम. त्यात दुसऱ्या बॉलला लागण्याआधी आपल्या बॉलने निदान एक कुशन गाठायलाच हवी.