अकोट्याच्या मूर्ती, बडोद्याचे ग्रंथ आणि यंत्राची जाणीव

१९५१ साली अकोट्यात जमिनीखालून जैन धातुमूर्तींचा साठा निघाला. आज अकोटा म्हणजे वडोदऱ्याचाच गजबजलेला भाग. दांडिया बाजारातून विश्वामित्रीवरचा पूल ओलांडला की आलंच. पण इथे कधीकाळी अंकोट्टक नावाचं स्वतंत्र नगर होतं आणि तिथल्या भाविकांनी शतकानुशतकं या मूर्ती घडवून घेतल्या होत्या. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा एकेक करून अभ्यास केला आणि १९५९ मध्ये त्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात जीवंतस्वामींच्या मूर्तीला मानाचं स्थान आहे. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, हात सैल सोडलेले: घर सोडण्याआधीच ध्यानात उभे राहिलेले महावीर. स्वामी हयात असतानाच त्यांची अशी प्रतिमा चंदनात घडवली गेली, अशी परंपरा आहे.

अकोट्याच्या काही मूर्तींच्या डोळ्यांत चांदी भरलेली आहे. समोर उभं राहिलं की ती नजर आपल्यावरच रोखली आहे असं वाटतं. मूर्ती करवून घेणाऱ्यांचं तत्त्वज्ञान मात्र या भासाला बधणारं नव्हतं. जैन विचारात चेतना हा जीवाचा गुण आहे, पुद्गलाचा, म्हणजे जड द्रव्याचा नाही. जैन या बाबतीत कंजूष नाहीत. माती, पाणी, अग्नी यांतही ते एकेंद्रिय जीव मानतात. पण निव्वळ जडाची मांडणी कितीही कौशल्यानं केली तरी तिच्यातून जाणीव निपजेल, हे त्यांना मान्य नाही. संगणकाला कधी जाणीव येईल का, या आजच्या प्रश्नाला अकोट्यानं दीड हजार वर्षांपूर्वी दिलेलं हे एक उत्तर. विरुद्ध बाजूचं उत्तरही बडोद्यानंच छापून ठेवलं आहे, आणि त्याचा मागोवा घेणं मला अगत्याचं वाटतं.

शाह ज्या प्राच्यविद्या मंदिरात काम करत, तिथून सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं सुरू झालेली गायकवाड ओरिएंटल सिरीज निघत असे. १९२४-२५ मध्ये या मालेत धारच्या भोजराजाचा ‘समरांगणसूत्रधार’ दोन खंडांत आला. संपादक होते त्रावणकोरचे टी. गणपतिशास्त्री. अकराव्या शतकातल्या या वास्तुग्रंथाचा एक अख्खा अध्याय यंत्रांवर आहे. दिव्यात तेल घालणारी आणि तालावर गिरक्या घेणारी लाकडी बाहुली त्यात आहे. दारावर उभा राहून आत शिरणाऱ्याला अडवणारा लाकडी पहारेकरीही आहे. यंत्रं प्रत्यक्ष कशी जोडायची ते भोज सांगत नाही आणि हे अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, असं स्पष्ट बजावतो. पण यंत्राची बीजं कोणती ते सांगतो: पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, एंबार कृष्णम्माचार्यांनी संपादलेला ‘तत्त्वसंग्रह’ निघाला. आठव्या शतकात तिबेटात जाऊन बौद्ध धर्म रुजवणाऱ्या शांतरक्षिताचा हा ग्रंथ, त्याच्या शिष्याच्या, कमलशीलाच्या ‘पंजिका’ या टीकेसह. त्यातलं ‘लोकायतपरीक्षा’ प्रकरण आजच्या वादाच्या इतकं जवळचं आहे की वाचताना तारखेचा विसर पडतो. लोकायतिक, म्हणजे जडवादी, म्हणतात, चैतन्य वेगळं काही नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू ठरावीक रीतीनं एकत्र आले की ते उपजतं, जशी किण्व आंबल्यावर मद्यात नशा येते. भोजाच्या यंत्राची चार बीजं आणि लोकायतांच्या चेतनेची चार भूतं एकच आहेत! साहित्य तेच असेल, तर बाहुलीत जाणीव का येऊ नये? लोकायतिकाला ‘येणारच नाही’ असं म्हणायला तात्त्विक आधार उरत नाही.

गर्भाच्या पहिल्या अवस्थेत इंद्रियं नसतात, मूर्च्छेत जाणीव दिसत नाही. म्हणजे ती देहाचीच, असा लोकायतांचा पुढचा दाखला. त्यावर शांतरक्षिताची बाजू विचारते: मूर्च्छेत जाणीव नसतेच हे कशावरून? नंतर आठवत नाही, एवढ्यावरून ‘नव्हती’ असं ठरत नाही. शुद्धीवर आलेल्या रुग्णाच्या बाबतीत भूलतज्ज्ञांना आजही हाच पेच पडतो. विशेष म्हणजे शांतरक्षित आत्मा मानत नाही. जाणिवेचा एक क्षण आधीच्या जाणिवेच्या क्षणातूनच उपजतो, हे त्याचं म्हणणं. १९४० मध्ये पंडित सुखलाल संघवी आणि रसिकलाल परीख यांनी जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ याच मालेत आणला. त्याची ताडपत्री पाटणच्या जैन भांडारात जपली गेली होती. सगळी प्रमाणंच खोडून काढणारा हा ग्रंथ त्याच्या विरोधकांनी सांभाळला आणि पुढे किशोरवयातच दृष्टी गमावलेल्या एका जैन पंडितानं, सुखलालजींनी, तो छापून काढला. वादात समोरच्याला असं वागवायचं असतं.

आता जगाकडे पाहू. अकोट्याच्या मूर्ती सापडण्याच्या आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, अ‍ॅलन ट्युरिंगनं ‘यंत्र विचार करू शकतं का’ या प्रश्नाऐवजी संभाषणाची कसोटी मांडली. जाणिवेच्या आक्षेपाची त्यानं दखल घेतली, पण त्याची उकल आधी हवी असं त्याला वाटलं नाही. १९६६ मध्ये वाइझेनबामच्या ‘एलायझा’नं, माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारणाऱ्या साध्या प्रोग्रॅमनं, लोकांना भुरळ घातली. १९८० मध्ये जॉन सर्लनं दाखवलं की नियमांबरहुकूम चिन्हं फिरवून बरोबर उत्तरं देता येतात, अर्थ न कळताही. १९९७ मध्ये बुद्धिबळात कास्पारोव्ह संगणकाकडून हरला. २०२२ मध्ये गूगलच्या एका अभियंत्याला भाषा-प्रारूप सचेतन वाटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये चेतनाशास्त्र आणि संगणकशास्त्रातल्या अभ्यासकांच्या गटानं प्रचलित सिद्धांतांची लक्षणं लावून प्रणाली तपासल्या आणि सांगितलं: आजची एकही त्यात बसत नाही, पण बसेल अशी प्रणाली बांधण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही.

त्याच वर्षी एक पैज निकाली निघाली. मेंदूतल्या नेमक्या कोणत्या घडामोडीमुळे जाणीव उपजते ते पंचवीस वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉखनं १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी लावली होती. कॉख हरला आणि त्यानं वाइन दिली. यंत्राचं कसब एवढं वाढलं, पण माणसात जाणीव का आहे, हेच कळलेलं नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो बडोद्यातलाच एक अनुभव. सुरत काँग्रेस फुटल्यावर, जानेवारी १९०८ मध्ये, अरविंद घोष इथे विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याला भेटले. येणारा विचार आत शिरण्यापूर्वीच बाहेर टाकायचा, एवढंच लेल्यांनी सांगितलं, आणि तीन दिवसांत अरविंदांचं मन निःशब्द झालं. जाणीव मात्र लोपली नाही. पुढे मुंबईला भाषण करायचं होतं. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणं आपोआप येईल. ते आलं, असं अरविंदांनी नोंदवलं आहे. हे मान्य केलं, तर शब्दांवाचून जाणीव असू शकते आणि विचारावाचून शब्दही येऊ शकतात. मग एखादा संगणक ‘मला वाईट वाटतं’ असं म्हणाला, तर त्या वाक्यानं काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून आजच्या संगणकांना सचेतन मानायला मला आधार दिसत नाही. कधीच होणार नाहीत, असं म्हणायलाही नाही. जैन आणि लोकायत दोघांचीही बाजू अजून पुराव्यानं शाबीत व्हायची आहे. दोघांनाही शांतरक्षितासारखा कारण दाखवा म्हणणारा परीक्षक हवा.

प्राच्यविद्या मंदिर आणि जुन्या कलाभवनातून वाढलेली अभियांत्रिकी विद्याशाखा, दोन्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठातच आहेत. गंगानाथ झा यांनी केलेला ‘तत्त्वसंग्रहा’चा इंग्रजी अनुवादही याच मालेत, १९३७ आणि १९३९ मध्ये छापला गेला आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका सत्रापुरतं तरी संस्कृतच्या विद्यार्थ्यांबरोबर बसवून ‘लोकायतपरीक्षा’ शिकवावी, अशी माझी विद्यापीठाला विनंती आहे.