आंब्याच्या रसाची परीक्षा

वैशाख सरत आला, पावसाची चाहूल लागली आणि मुंबईच्या बाजारात हापूसचा भाव उतरला, की कोकणातील बागाईतदारांच्या बोलण्यात ‘कॅनिंगचा आंबा’ हा शब्द वारंवार येऊ लागतो. आकाराने लहान, सालीवर डाग पडलेला अथवा हंगामाच्या अखेरीस उतरलेला हा आंबा पेटीत भरून दूर धाडणे परवडत नाही. तो किलोच्या भावाने रस काढणाऱ्या कारखान्याकडे जातो. तमिळनाडूतील कृष्णगिरी आणि आंध्र प्रदेशातील चित्तूर या भागांत तर तोतापुरी आंब्याचा मोठा व्यवहार मुळातच कारखान्यांशी असतो. हापूसकडे सुगंध आणि रंग, तर तोतापुरीकडे विपुलता आणि स्वस्ताई, अशी या दोन जातींची जणू वाटणी झालेली आहे.

हा रस जेव्हा परदेशी जातो, तेव्हा तो बहुधा आमरस म्हणून कोणाच्या वाटीत पडत नाही. दही, आइस्क्रीम, सरबते, लहान मुलांचे अन्न असे पदार्थ तयार करणारे कारखानदार तो विकत घेतात. त्यांच्या दृष्टीने तो एक कच्चा माल असतो. घरची गृहिणी आंबा हाती घेऊन, हुंगून पारखते. परदेशच्या कारखानदाराला ती सोय नाही. तो नमुना आणि कागद पाहून सौदा करतो. प्रत्येक खेपेस तोच रंग, तोच दाटपणा आणि तीच गोडी त्याला हवी असते. गोडीचे माप ‘ब्रिक्स’ या एककाने करतात. रसात विरघळलेल्या घन द्रव्याचे ते शेकडा प्रमाण होय. हापूसच्या रसाला किमान १६ आणि तोतापुरीच्या रसाला किमान १४ ब्रिक्स असावी, असा व्यापारातील सर्वसाधारण संकेत आहे.

कारखान्यात आलेला आंबा प्रथम पिकविला जातो. पेंढ्याच्या अढीत आंबा घालण्याची रीत कोकणाला जुनीच आहे. मोठ्या प्रमाणावर मात्र बंद खोलीत इथिलीन वायू सोडून फळ पिकवितात. त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत ठेवण्यास भारतीय कायद्याची अनुज्ञा आहे. कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास मात्र पूर्ण मनाई आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. पिकलेले फळ धुऊन, निवडून, कोय काढून यंत्राने त्याचा गर गाळतात. मग तो ९० अंश सेल्सियसच्या वर तापवून, ठरावीक वेळ त्या उष्णतेत ठेवून झपाट्याने थंड करतात आणि निर्जंतुक पिशवीत भरतात. अशी पिशवी पोलादी पिपात बसविलेली असते आणि एका पिपात २०० किलोंहून थोडा अधिक रस मावतो. कोणतेही परिरक्षक द्रव्य न घालता हा रस कित्येक महिने टिकतो.

पाण्याच्या उत्कलनबिंदूपर्यंतही न तापविलेला रस इतके दिवस कसा टिकतो, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर आंब्याच्या अंगच्या आंबटपणात आहे. अन्नविषबाधा घडविणाऱ्या जंतूंपैकी अत्यंत घातक अशा बोट्युलिनमचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. परंतु ज्या अन्नाचा सामू ४.६ किंवा त्याहून कमी असतो, त्यात त्यांची वाढ होत नाही. आंब्याच्या रसाचा सामू बहुधा ४ च्या आसपास राहतो. फळ फार पिकले तर तो वर चढतो. अशा वेळी सायट्रिक आम्ल घालून तो खाली आणावा लागतो आणि तसे वेष्टनावर नमूद करावे लागते.

येथवरचा सारा भाग कारखान्याच्या हातचा आहे. या कामाची शिस्त एका निराळ्याच गरजेतून निर्माण झाली. अंतराळवीरांच्या अन्नाचा प्रत्येक घास तपासणे शक्य नव्हते. तपासला तर खाण्यास उरला नसता. म्हणून १९६० नंतरच्या काळात अमेरिकेत अशी पद्धत बसविण्यात आली की, तयार मालावर विसंबून न राहता तो बनत असताना जेथे जेथे धोका संभवतो, तेथे तेथे पहारा ठेवावा. १९९३ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारतात १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने या धंद्याला परवाना व स्वच्छतेचे नियम घालून दिले होते. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याने त्याची जागा घेतली.

परंतु कारखाना कितीही दक्ष असला, तरी त्याच्या सामर्थ्याला एक मर्यादा आहे. ती दोन घटनांवरून स्पष्ट होते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातील ताज्या आंब्याच्या आयातीवर बंदी घातली. फळांत फळमाशीचा उपद्रव आढळला, हे त्याचे कारण होते. ही बंदी २०१५ च्या आरंभी उठली. तिचा जाच ताज्या फळाला झाला, रसाला झाला नाही. कारण तापविलेल्या रसात माशीची अळी जिवंत राहूच शकत नाही. दुसरी घटना २०२० मधील. त्या वर्षी युरोपीय संघाने क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची मान्यता संपविली आणि नोव्हेंबरपासून अन्नातील त्याच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, इतकी खाली आणली. येथे उष्णतेवर भिस्त ठेवता येत नाही. धुण्याने आणि साल काढण्याने काही अंश जातो; पण जो गरात उरला तो रसाबरोबर पिपात जातो. रस आटविला तर पाणी उडते आणि अंशाचे प्रमाण उलट वाढते. जंतूंना कारखान्यात आवर घालता येतो. फवारणीला मात्र बागेतच आवर घालावा लागतो.

भेसळीचीही गोष्ट तशीच आहे. रसात उसाची साखर मिसळली तर जिभेला कदाचित कळणार नाही, परंतु प्रयोगशाळेला कळते. ऊस आणि आंबा हवेतील कार्बन निरनिराळ्या मार्गांनी आपलासा करतात. त्यामुळे दोहोंच्या साखरेतील जड कार्बनचे प्रमाण भिन्न असते आणि ते मोजता येते.

आता प्रश्न उरतो तो बागेचा. २००५ च्या आरंभापासून युरोपीय कायद्याने अन्नाच्या प्रत्येक व्यावसायिकाला, माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे सांगता येणे बंधनकारक केले. त्या कायद्याचा अंमल युरोपातील आयातदारावर असला, तरी तो आपल्या परीने तीच विचारणा भारतातील कारखान्याला करतो आणि कारखान्याने ती बागाईतदाराला करावयाची असते. येथेच साखळी तुटण्याचे भय असते. कोकणात मोहोर येण्यापूर्वीच बाग खंडाने देण्याची चाल आहे. मोहोरावर तुडतुडे पडले किंवा भुरी दिसली, की फवारणी खंडकरी करतो. कोणते औषध, किती आणि तोडणीपूर्वी किती दिवस, याची नोंद मालकाजवळ नसते आणि पुष्कळदा खंडकऱ्याजवळही नसते. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ मोहोर-संरक्षणाचे वेळापत्रक देते. पण ते पाळले गेले की नाही, हे वहीत लिहिलेले नसेल तर पिपावर कोणता शब्द लिहावा?

शिवाय ज्याने वेळापत्रक पाळून नोंद ठेवली, त्याच्या आणि ज्याने ती ठेवली नाही त्याच्या आंब्याला कारखान्याच्या दारात एकच भाव मिळत असेल, तर नोंद ठेवण्याचा खटाटोप कोणी कशासाठी करावा? पीप नाकारले गेले तर निर्यातदाराचे नुकसान होते आणि पुढल्या हंगामात त्याची झळ सर्वच बागाईतदारांना भावातून लागते. त्यात ज्याने चूक केली नाही तोही सापडतो. म्हणून स्वच्छ आंब्याला त्याच्या स्वच्छतेपोटी चार पैसे अधिक देणे, हे कारखान्याने केलेले औदार्य नसून त्याच्याच व्यापाराचा विमा होय.

आयात करणाऱ्या देशाचा कायदा दूरचा आणि कडक वाटतो. तथापि त्याच्या टोकाला बहुधा एखादे लहान मूल वाटीतील दही खात असते, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे त्या कडकपणाचा अर्थ उलगडतो. आणि आंबा खाणारी मुले याही देशात आहेत. बागेतील ती साधी वही परदेशच्या बाजारासाठी सुरू झाली, तरी तिचा लाभ घरच्या मुलांनाही व्हावा, एवढी अपेक्षा खचितच अवाजवी नाही.