मे महिन्याची दुपार आणि फोनमधली चिप

इंदूरच्या जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या एका काउंटरपाशी मी उभा होतो. हातभर रुंदीची फळी, तिच्यावर मायक्रोस्कोप, हॉट एअर गन आणि फ्लक्सची डबी. मे महिना होता. घरोघरी जेवण पोहोचवणारा एक तरुण आपला फोन घेऊन आला. फोन मोटरसायकलच्या हँडलवर अडकवलेला, नकाशा सतत चालू, पॉवर बँकेची वायर जोडलेली. दुपारच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की पडदा अंधुक होतो, नकाशा अडखळतो, चार्जिंग थांबते. कारागिराने मागचे झाकण काढले, बोर्डावर मीटरची टोके टेकवली आणि म्हणाला, "भिया, आयसी ठीक है. धूप में मत रखो."

त्याचे निदान अचूक होते. मी चिप डिझाइन करणारा माणूस, त्यामुळे मला पुढचेही दिसत होते. तो फोन बिघडलेला नव्हता. तापल्यावर असेच वागायचे, हे आमच्यासारख्या इंजिनिअरांनीच त्याला घालून दिले आहे. आणि त्या तरुणाचे पोट उन्हातच भरते.

फोनला पंखा नसतो. आत तयार झालेली उष्णता काच आणि पाठीच्या पत्र्यातूनच बाहेर पडते. त्यामुळे सलग कामासाठी सगळ्या फोनला मिळून जेमतेम चार-पाच वॉट वापरता येतात. घरातला साधा एलईडी दिवा नऊ वॉटचा असतो. चिपमधले ट्रान्झिस्टर उघडझाक करतात, त्यासाठी लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले, तर त्याच वेगाला वीज सुमारे १९ टक्के कमी लागते. चिपवर तापमान मोजणारे सेन्सर असतात. पारा चढला की वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणले जातात. तसे केले नाही, तर तापलेले ट्रान्झिस्टर बंद असतानाही जास्त वीज गळू देतात, त्या गळतीने चिप आणखी तापते. बॅटरीचेही तसेच: लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक, म्हणून चार्जिंग रोखले जाते. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असे त्याची कंपनीच सांगते. इंदूरचा मे चाळिशी ओलांडतो.

मग डिझाइन करताना हे तपासत नाहीत का? तपासतात, आणि फार कसोशीने. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिचा नकाशा माणसांनी हाताने काढला होता. २०२३ च्या आयफोनमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. सेकंदाला एक या वेगाने ते नुसते पाहायचे म्हटले, तरी सहाशे वर्षे जातील. म्हणून हे काम सॉफ्टवेअरवर सोपवावे लागते. १९७३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात तयार झालेल्या 'स्पाइस'ने सर्किट बनवण्याआधी त्याचे वागणे गणिताने पाहण्याची सोय केली. आज सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स या तीन कंपन्यांच्या टूल्सवर जगातले बहुतेक चिप डिझाइन चालते.

आमच्या भाषेत 'कॉर्नर' नावाची एक गोष्ट असते. एकाच कढईतल्या दोन जिलब्या हुबेहूब सारख्या उतरत नाहीत, तशा एकाच वेफरवरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवरच्या, दोन चिपही नसतात. एक थोडी वेगवान, दुसरी थोडी मंद. त्यात व्होल्टेज कमी-जास्त, तापमान कमी-जास्त. या सगळ्या टोकांच्या जोड्या लावून प्रत्येक कॉर्नरला सिग्नल वेळेत पोहोचतो का, हे टूल तपासते. उणे ४० पासून १२५ अंशांपर्यंतही पाहिले जाते. एक जरी मार्ग चुकला, तरी लाल ओळ उमटते. ती मिटेपर्यंत आम्ही रात्री जागतो, कारण 'टेपआउट' झाल्यावर, म्हणजे नकाशा कारखान्याकडे गेल्यावर, सिलिकॉनमध्ये काही खोडता येत नाही. मास्क, म्हणजे तो नकाशा सिलिकॉनवर उमटवायचे साचे, नव्याने करायचे तर कोट्यवधी रुपये आणि कित्येक महिने जातात.

इतके करूनही हँडलवरचा फोन निसटतो. त्या १२५ अंशांना चिप चुकत नाही, एवढेच टूलने सांगितलेले असते. तापलेल्या फोनवर माणसाचे काम कितपत चालेल, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. आमचे थेट ग्राहक म्हणजे फोन बनवणाऱ्या कंपन्या. त्यांच्याकडून येणाऱ्या कागदावर वेग, क्षेत्रफळ, वीज आणि किंमत असते. वेगाचे आकडे बहुधा थंड खोलीतल्या पहिल्या काही मिनिटांचे. जेल रोडवरच्या तरुणाची दुपार त्या कागदावर नसते.

ग्राहकाने प्रश्न विचारला की काय होते, याचा दाखला १९९४ चा आहे. थॉमस नाइसली हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या उत्तरांत बारीक फरक येऊ लागला. महिनोन्‌महिने शोध घेतल्यावर दोष पेंटियम चिपच्या भागाकारात निघाला: आतल्या कोष्टकातल्या पाच नोंदी गळल्या होत्या. सामान्य माणसाला हे कधी जाणवणारही नाही, असे इंटेलने आधी म्हटले. लोक ऐकेनात, तेव्हा डिसेंबरमध्ये चिप बदलून द्यायची तयारी दाखवली आणि ४७.५ कोटी डॉलरचा भार उचलला. त्यानंतर गणिती सिद्धता देऊन चिप पडताळण्याच्या पद्धतीला मोठा जोर आला. एका ग्राहकाच्या चिकाटीने पुढच्या पिढ्यांची टूल्स सुधारली.

राजेंद्रनगर, सुदामानगर भागातल्या मराठी घरांतली मुले मला हल्ली विचारतात, "काका, कोणते टूल शिकू?" कोणी एसजीएसआयटीएस कॉलेजमध्ये शिकते, कोणी सिमरोलच्या आयआयटीत. त्यांचा काळ चांगला आहे. केंद्र सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत ८५,००० जणांना चिप डिझाइनसाठी तयार करायचे आहे. एका कॉलेजला न परवडणारी टूल्स बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या 'चिपइन' केंद्रातून पुरवली जातात आणि मोहालीच्या कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या चिप बनतात. मी त्यांना सांगतो: टूल मन लावून शिका, आणि एखादी दुपार दुरुस्तीच्या काउंटरपाशी काढा. कोणता फोन का परत येतो, ते वहीत लिहा. चांगला ग्राहक-अभ्यास तिथे रोज उघड्यावर चाललेला असतो.

त्या दिवसापासून मी स्वतःच्या कामात एक बदल केला आहे. नव्या चिपची आखणी सुरू झाली की तपासणीच्या यादीत एक प्रसंग मी हाताने लिहितो: मे महिना, दुपारचे दोन, हवा ४२ अंश, फोन हँडलवर, नकाशा आणि चार्जिंग चालू, सलग चार तास. त्या चार तासांत बाकी काहीही मंदावले तरी चालेल. नकाशाला लागणारी वीज मात्र आधी बाजूला ठेवायची. टूलला हे गणित जमते. प्रश्न विचारणे माझे काम आहे.