नोकरभरती एजन्सीचा करार : रिबेट कोणाच्या पदरात?

कारखान्यासाठी कटिंग मास्टर, सुपरवायझर किंवा हिशेबनीस एजन्सीमार्फत घेण्याची पद्धत आता आपल्या व्यापारी बांधवांतही रुळली आहे. एजन्सीची फी बहुधा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते. माणूस लवकर सोडून गेला तर फीचा काही भाग परत मिळतो. यालाच रिबेट म्हणतात, आणि भांडणे होतात ती याच कलमावरून.

समजा, भिवंडीच्या एका कारखानदाराने महिना ३० हजारांवर मास्टर घेतला. फी ३० हजार, त्यावर १८ टक्के जी.एस.टी. ५,४०० रुपये, एकूण बिल ३५,४०० रुपयांचे. ६० दिवसांच्या आत माणूस गेल्यास निम्मी फी परत, असे करारात लिहिलेले. मास्टर ५२ व्या दिवशी निघून गेला. कारखानदार १७,७०० रुपये मागतो. एजन्सी म्हणते, बिल सात दिवसांत द्यायचे होते, तुम्ही विसाव्या दिवशी दिले, रिबेट बुडाला!

यात खरे कोणाचे? निकाल करारातील शब्दांवर लागतो. 'बिल मुदतीत भरले असेल तरच रिबेट मिळेल' असे स्पष्ट लिहिले असेल, तर कारखानदाराची बाजू लंगडी आहे. ही अट म्हणजे दंड आहे, असा युक्तिवाद भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ खाली करता येतो. पण एजन्सीचे उत्तर तयार असते : फी पूर्णच देय होती, रिबेट ही अटीवर दिलेली सवलत आहे. हे उत्तर वजनदार आहे. उलट, सात दिवसांची मुदत नुसती बिलाच्या कलमात असेल आणि रिबेटशी जोडलेलीच नसेल, तर उशिराच्या सबबीवर एजन्सीला रिबेट गिळता येत नाही. फार तर उशिराची भरपाई मागावी.

दुसरी मेख 'सोडून गेला' या शब्दात आहे. मालकानेच काढले तर काय? दिवस रुजू झाल्यापासून मोजायचे की बिलाच्या तारखेपासून? रोख परत की बदली माणूस? ही उत्तरे सहीपूर्वीच कागदावर हवीत. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण मात्र छापील फॉर्म न वाचताच सही ठोकतो.

रागाच्या भरात बिल अडवून ठेवणे तर फारच महागात पडते. एजन्सी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या कायद्याने करारातली मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज लागते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्याच्या गळ्यात ते असे पडते. सेवेबद्दल तक्रार असल्यास ती १५ दिवसांत लेखी कळवावी.

माणूस गेल्याच दिवशी एजन्सीला पत्र द्यावे, सोबत राजीनामा व हजेरीपटाची नक्कल जोडावी. रिबेट कबूल झाल्यास क्रेडिट नोट मागावी. ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणात दाखवली नाही, तर एजन्सीला त्यावरचा कर कमी करून घेता येत नाही, आणि मग त्या २,७०० रुपयांवरून नवा वाद उभा राहतो. दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे.