दोघांचा नाच, एका मोबाइलवर

एका मोबाइलच्या एका टोकावर एकाचा अंगठा, दुसऱ्या टोकावर दुसऱ्याचा. पडद्यावर एक आभासी गोल आणि त्याभोवती कड्यांची माळ. फोन कलवीत, फिरवीत त्या कड्या पार करायच्या. पण फोन फिरवायचा तर हात फिरतात, हात फिरले की खांदे वळतात आणि अंगठा सोडायचा नसल्याने कोणाला तरी कोणाच्या हाताखालून जावेच लागते. नकळत दोघे नाचू लागतात! नेदरलँड्समधील 'गेम ओव्हन' या छोट्या कंपनीने मे २०१४ मध्ये आणलेल्या 'बाउंडन' या खेळाची ही गंमत.

त्याचे नृत्यदिग्दर्शन एर्न्स्ट मायस्नर यांचे. लंडनच्या रॉयल बॅलेमध्ये नाचलेले मायस्नर २०१३ पासून डच नॅशनल बॅलेच्या ज्युनियर कंपनीची धुरा सांभाळू लागले. शिक्षण संपवून व्यावसायिक रंगमंचाकडे निघालेल्या तरुण नर्तकांची ही तुकडी. पावलाच्या कोनाचाही हिशेब ठेवणाऱ्या परंपरेतल्या या कलावंतापुढे अट मात्र विचित्र होती. फोनला पाय दिसतच नाहीत.

पूर्वीच्या नृत्यखेळांची तऱ्हा वेगळी होती. 'कोनामी'च्या १९९८ मधील 'डान्स डान्स रेव्होल्युशन'मध्ये जमिनीवरच्या चार बाणांवर ठेक्यात पाय पडला की गुण. २०१० मध्ये 'कायनेक्ट' कॅमेऱ्यासह आलेल्या 'डान्स सेंट्रल'ने सारे शरीर न्याहाळले आणि चुकलेला हात किंवा पाय पडद्यावर लाल करून दाखविला. दोन्हींत यंत्र परीक्षकाच्या खुर्चीत बसते. 'बाउंडन'ला कळते ते एवढेच, की फोन किती कलला, किती वळला. म्हणून कड्यांची वाटच अशी आखावी लागली, की ती पाळताना शरीराने वळण घेतलेच पाहिजे. उरलेला तोल दोघांनी एकमेकांत सांभाळायचा. फुगडी घातलेल्यांना हे निराळे सांगायला नको. समोरच्याच्या ओढीवरच आपला वेग ठरतो.

हा खेळ खेळून कोणी बॅले शिकेल, असे मात्र समजू नये. पवित्रा, पदन्यास यांना वर्षानुवर्षांचा रियाज लागतो आणि चूक दाखविणारे गुरूही. इथे चूक कोणी दाखवीत नाही, पण त्यामुळेच एरवी नाचायला लाजणारा माणूसही उठून उभा राहतो. प्रस्तुत प्रतिनिधीला तरी ही कमाई लहान वाटत नाही.

अडचण आली ती भलतीकडेच. आयफोनवर खेळ सुरळीत चालला; अँड्रॉइड आवृत्ती मात्र रखडली. वळण मोजणारा 'जायरोस्कोप' हा संवेदक काही फोनमध्ये नव्हताच आणि जिथे होता तिथे एकाच गिरकीचे माप फोनागणिक निराळे. नर्तक अचूक, मोजपट्टीच वाकडी!

'गेम ओव्हन' २०१५ मध्ये बंद झाली. तिचे एक संस्थापक आद्रियान डी योंग यांनी २०१७ मध्ये 'हिडन फोक्स' हा चित्रांत दडलेली माणसे शोधण्याचा खेळ आणला. त्यात जागेवरून उठावे लागत नाही.