सोलापूरचा डॉक्टर चीनच्या खेड्यात

आपल्या गावाला एक दिवसाचे आरोग्य शिबीर काही नवे नाही. मंडप पडतो, भाषणे होतात, रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची पुडी मिळते. संध्याकाळी मंडप निघतो आणि पंधरा दिवसांत पुडीही संपते. पुढचे दुखणे आले की पुसेगावच्या माणसाने हिंगोली गाठायची, तिथे भागले नाही तर नांदेड. शिबीर घेणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. पण सेवा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे असेल तर सोलापूरच्या एका तरुणाची हकिगत आपल्या घराघरांत सांगितली गेली पाहिजे.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. घर बेताच्या परिस्थितीचे, भावंडे बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. अशा घरातला मुलगा डॉक्टर झाला की त्याने चार पैसे मिळवावेत, घर वर काढावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. ती चुकीची कशी म्हणावी?

पाच डॉक्टरांचे पथक

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. जखमींना डॉक्टर मिळेनात. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. देशभर निधी गोळा झाला, सुमारे २२ हजार रुपये. आपला देश तेव्हा स्वतःच गुलाम होता, हे लक्षात घ्या! सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सर्वांत तरुणांपैकी एक असलेले डॉ. कोटणीस.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना मिळाली. घरी परतण्यास ते पुरेसे कारण होते. तरी ते परतले नाहीत. १९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले, कोटणीस मात्र कायमचे तिथेच राहिले.

तिथे मोठ्या इमारतीचे इस्पितळ नव्हते. उत्तर चीनच्या डोंगराळ खेड्यांत, मिळेल त्या घरात शस्त्रक्रिया कराव्या लागत. औषधांची व साधनांची टंचाई किती? कॅनडाहून आलेले प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून शस्त्रक्रिया करताना बोट कापले जाऊन रक्तात विष भिनल्याने नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्याच नावाच्या इस्पितळाचे संचालकपद १९४१ साली डॉ. कोटणीस यांच्याकडे आले. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात.

भाषा शिकले, माणसे घडवली

पण मला त्यांचे मोठेपण वेगळ्याच गोष्टीत दिसते. कोटणीस चिनी भाषा शिकले. रोग्याचे दुखणे त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत ऐकू लागले. इस्पितळाबरोबर वैद्यकीय शाळा होती. तिथे ते चिनी मुलांना शिकवत, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेवरचे पुस्तकही लिहायला घेतले होते. मी कारकून माणूस, जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. वाटलेले औषध खर्ची पडते, पण शिकवलेला माणूस गावाच्या खात्यात कायम जमा राहतो.

१९४१ साली त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेफऱ्याच्या आजाराने डॉक्टरांचे निधन झाले. वय अवघे ३२! त्यांची समाधी चीनमध्ये शिच्याच्वांग येथे आहे. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे.

आज आपल्या वस्तीतल्या मुली नर्सिंगला जातात, मुले डॉक्टर होतात. मजुरी करून, दागिने मोडून आई-बाप त्यांना शिकवतात. त्यांनी पगार मिळवू नये असे कोण म्हणेल? सर्वांनी परदेशी जाऊन प्राण द्यावेत, असेही नाही. पण महिन्यातून एक रविवार त्यांनी सेनगाव तालुक्यातल्या एकाच गावाला ठरवून द्यावा. दर महिन्याला त्याच गावी जावे, त्याच रोग्यांची चौकशी करावी. गावातल्या दोन शिकलेल्या मुलींना रक्तदाब मोजायला, जखम स्वच्छ बांधायला, बाळंतिणीची धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवावे. आशाताईंच्या हाताला हात लावावा.

आणि आई-बापांनो, मुलाला शिकवताना एवढे जरूर विचारा, तू ज्या गावातून गेलास, त्या गावाला तुझ्या शिक्षणातले काय मिळणार?