विश्लेषण : महायुद्धातली जुनी जीप माजी सैनिकांचे स्मारक कशी बनते?

अमेरिकेत ११ नोव्हेंबरला, ‘व्हेटरन्स डे’च्या संचलनात आणि फ्रान्समध्ये ६ जूनच्या सुमारास नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या जीप हमखास दिसतात. बॉनेटवर पांढरा तारा, बंपरवर आकडे, मागे पेट्रोलचा डबा. यातल्या बहुतेक गाड्या लष्कराच्या नसून खासगी मालकांच्या असतात. कुणी आजोबांच्या पलटणीची खूण रंगवून घेतो, कुणी गावातल्या शहीद जवानाच्या तुकडीची. त्या युद्धात गणवेश चढवलेल्या १ कोटी ६० लाखांहून अधिक अमेरिकनांपैकी आज १ टक्काही हयात नाहीत. साहजिकच या गाड्यांवर काय लिहिले आहे आणि ते खरे आहे का, याला महत्त्व आले आहे.

जीपच का?

एक तर संख्या. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ६ लाखांवर जीप बनवल्या. त्यामुळे रणगाडा मिळणे दुरापास्त असले तरी जीप मिळू शकते आणि घरच्या गॅरेजमध्ये मावते. दुसरे म्हणजे ही सगळ्यांची गाडी होती. सेनापती तिच्यात बसले, जखमींचे स्ट्रेचरही तिच्यावरच बांधले गेले. माजी सैनिकाला रणगाड्यावर चढवणे नव्वदीनंतर शक्य नसते. जीपला मात्र दारच नाही.

दुरुस्ती की शोधकाम?

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या गाड्यांत मूळ काय आणि नंतर जोडलेले काय, हे ओळखण्यातच खरे कसब आहे. विलीजच्या सांगाड्याची पुढची आडवी दांडी गोल नळीची, फोर्डची उलट्या ‘यू’च्या आकाराची. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यांवरही ‘एफ’ अक्षर उमटवले होते. चोखंदळ मालक असे बोल्ट गोळा करण्यात वर्षे घालवतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, पण त्यामुळेच गाडी पुराव्यासह उभी राहते.

सर्वांत नाजूक काम बॉनेटचे. युद्धानंतर शेतावर, जंगलात राबताना गाडीवर रंगांचे थरावर थर चढलेले असतात. थेट वाळूचा मारा केला तर सगळेच जाते. म्हणून जाणकार पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने एकेक थर उतरवतात. नशीब असेल तर खाली लष्कराचा मूळ नोंदणी क्रमांक उमटतो; जीपचा क्रमांक २० या आकड्यांनी सुरू होतो. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर गाडी लष्कराला कधी सोपवली, ती तारीख असते. इंजिन २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. वीज ६ व्होल्टची. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली, म्हणजे इंधन भरायचे तर आधी चालकाने उठायचे. हेडलाइट उलटे फिरवले की इंजिनावर उजेड पडतो, रात्रीच्या दुरुस्तीसाठी.

खुणांवरून वाद का होतो?

बंपरवरच्या आकड्यांना अर्थ असतो. समोरून पाहताना डावीकडे डिव्हिजन व रेजिमेंट, उजवीकडे कंपनी आणि गाडीचा क्रमांक. म्हणजे ओमाहा बीचवर उतरलेल्या २९व्या डिव्हिजनच्या ११६व्या रेजिमेंटचे आकडे रंगवले, की ती गाडी एका ठरावीक तुकडीचा दावा करते. आता तिच्याच पट्टीवर १९४५ची तारीख असेल तर? ती जून १९४४ मध्ये किनाऱ्यावर उतरणे अशक्य. काहींच्या मते हे सरळ खोटे आहे, तर काहींच्या मते गाडी दुसरी असली तरी आदर खरा आहे. शेजारी ‘ही मूळ गाडी नव्हे, या तुकडीच्या स्मरणार्थ रंगवली आहे’ असा फलक लावला की प्रश्न मिटतो. तो लावायला मात्र अनेकांचा हात आखडतो.

पुढच्या बंपरवरची उभी लोखंडी पट्टी हे आणखी एक उदाहरण. जर्मन सैनिक रस्त्यावर गळ्याच्या उंचीवर तार ताणून ठेवत. तिने उघड्या जीपमधल्यांचा जीव जाऊ नये म्हणून सैन्याच्या कार्यशाळांनी युद्धभूमीवरच ही पट्टी वेल्ड केली. कारखान्यातून ती येत नसे, त्यामुळे प्रत्येक प्रदर्शनी जीपवर ती असणे अनैतिहासिक. पण जवळून पाहणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न बहुधा तिच्याबद्दलच येतो.

भारतात अशी जीप ठेवता येते?

येते, पण सांभाळून. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्यामुळे आपल्याकडे ‘विलीज’ म्हणून विकली जाणारी गाडी अनेकदा नंतरची, उंच बॉनेटची असते. महायुद्धातल्या बहुतेक जीपच्या जाळीला नऊ फटी, नंतरच्या नागरी जीपला सात. खरेदीआधी एवढे मोजावेच. अर्थात उंच बॉनेटवाली कमी मानाची असे नाही. असल उत्तरच्या लढाईत, सप्टेंबर १९६५ मध्ये, परमवीर अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे टिपले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेनेच.

केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल न केलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन किंवा देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई.

खरी अडचण रंगाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. अमेरिकी जीपचा मूळ ‘ऑलिव्ह ड्रॅब’ हा कागदावर वेगळा रंग, पण चौकात उभ्या पोलिसाला तो फरक पटवून देणे कठीण. लष्करी रंगातली जुनी वाहने निवांत पाहायची तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ पासूनच्या या संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडीही आहे.